थॉर : लव्ह अँड थंडर - बकऱ्या सोडून काय बघितलंत?

मांडेवाला | ११ जुलै २०२२, रात्री १०:४०

काल एकादशी, त्यात रविवार, त्यात पाऊस. साबुदाणा खाऊन सुस्तावलो होतो. लेक (वय ९) सकाळपासून मागं लागलेली, थॉर, म्हणजे मार्व्हलच्या सिनेमातला तो हातोडावाला देव, बघायला चला म्हणून. बेळगावात तिसऱ्या गेटापाशी साचलेल्या पाण्यातून ॲक्टिव्हा ढकलत मल्टिप्लेक्स गाठलं. इंग्रजी शो फुल्ल, हिंदी रात्री उशिरा. कन्नडची तिकिटं होती, ती घेतली. म्हटलं हातोड्याला कुठली आलीय भाषा.

सुरुवात काय जबरदस्त आहे! वाळवंटात एक बाप, गॉर, आणि त्याच्या मांडीवर तहानेनं मरणारी पोर. तोंडात देवाचं नाव. पोर जाते. मग हा भटकत जिथं पोचतो तिथं तोच देव हिरव्यागार बागेत मजेत बसलाय, आणि ह्याची भक्ती ऐकून हसतो. गॉर झालेल्या क्रिश्चन बेलचा तो वाळलेला चेहरा बघून लेकीनं माझी बाही धरली ती सोडेना. मला वाटलं आज काहीतरी खरं बघायला मिळणार.

मग थॉरला दोन बकऱ्या बक्षीस मिळतात, आणि त्या माणसासारख्या किंचाळतात. पहिल्यांदा अख्खं थिएटर हसलं, मीही हसलो. चौथ्यांदा शेजारचे काका मोबाईल काढून वेळ बघायलेत. आणि हे शेवटपर्यंत. जरा कुठं घशात आवंढा येतोय म्हणेस्तोवर कुणीतरी जोक टाकतंय.

२०१७ चा 'रॅग्नारॉक' मी तीनदा बघितलाय. त्यातही विनोदच होता, दिग्दर्शकही हाच, टायका वायटीटी. मग ह्या वेळी काय नासलं? का मीच म्हातारा झालोय?

कुंदाकिंग | ११ जुलै, रात्री १०:५२

एकादशीला बकऱ्या बघायला गेलात, तेही बकरी ईदच्या दिवशी. योग साधलात की ओ काका.

मांडेवाला | ११ जुलै, रात्री १०:५५

@कुंदाकिंग उपास मोडला नाही. पॉपकॉर्न चालतं का नाही ह्यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे.

खानापूरकर | ११ जुलै, रात्री ११:२०

तुम्ही म्हातारे झालेला नाही. पण 'रॅग्नारॉक' चांगला का वाटला तेही आठवून बघा. त्याच्या आधीचे दोन थॉर, २०११ चा आणि २०१३ चा, इतके गंभीर होते की मुलाच्या मुंजीत बसल्यासारखं वाटायचं. त्यावर विनोद आला तो उन्हाळ्यातल्या वळवासारखा. शिवाय त्यात थॉरची खरंच वाट लागते. बाप जातो, हातोडा फुटतो, डोळा जातो, शेवटी गावच्या गाव जळतं. माणसाचं एवढं गेल्यावर तो हसतोय तर आपण त्याच्या बाजूनं हसतो. ह्यात थॉरचं जातंय काय? योगासनं करायलाय बसून.

निपाणीची_पोर | ११ जुलै, रात्री ११:३१

मी उलटं मत मांडते, चिडू नका. मला मजा आली. माझ्या दोन भाच्यांना तर लईच. शेवटी थॉर गॉरनं पकडलेल्या त्या पोरांना थोडी थोडी शक्ती वाटतो आणि पोरं हातात मिळेल ते घेऊन लढतात, त्या सीनला भाचे सीटवर उभे राहिले. काल दिवसभर अंगणात लाटणं, छत्री आणि एक मोडका वायपर घेऊन लढाई चालू होती. सिनेमा त्यांच्यासाठी आहे. आपण चाळिशीतली माणसं त्यात तत्त्वज्ञान शोधायलोय.

खानापूरकर | ११ जुलै, रात्री ११:४४

पोरांसाठी आहे म्हणता, मग पहिल्याच सीनमध्ये पोर तहानेनं मारली कशाला? आधी ठरवा की.

रात्रपाळी | १२ जुलै, पहाटे ५:५०

आत्ता शिफ्ट सुटली. आमचं पोट उद्यमबागेतल्या फाउंड्रीवर, त्यामुळं मी हे सिनेमे हत्यारासाठी बघतो. हसू नका.

मार्व्हलच्याच 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॉरची ती कुऱ्हाड कशी बनते आठवा. विझलेली भट्टी, ती पेटवायला थॉर स्वतः ताऱ्याच्या झोतात उभा राहतो, अंग भाजून घेतो. मेटल वितळतं, साच्यात उतरतं, साचा फोडून काढतात, दांडा मिळेना म्हणून ग्रूट नावाचं ते चालतं-बोलतं झाड आपला हात तोडून देतं. आमच्या शिफ्टमधले आठ जण मिळून गेलो होतो. लाडल (वितळलेल्या मेटलचं भांडं) कलंडून मेटल साच्यात शिरायचा तो क्षण आम्ही रोज बघतो, सांडलं तर काय होतंय ते पण माहिती आहे. थिएटरात आठच्या आठ जण गप. ओतकाम एवढं मोठं करून पडद्यावर कुणी दाखवलं नव्हतं.

आणि ह्या नव्या सिनेमात? फुटलेला हातोडा आपला आपण जुळून आला. तुकडे तरंगले, चिकटले, झालं. आमच्यात फुटलेलं कास्टिंग परत भट्टीत जातंय, त्याशिवाय ते कशाच्या कामाचं नाही. बरं, जादू म्हणून तेही सोडा. पण ज्या कुऱ्हाडीसाठी माणूस भाजून निघाला, तीच कुऱ्हाड ह्यात सवतीसारखी रुसून बसते. दोन बायकांच्या दादल्याचा विनोद. मी तिथंच उठणार होतो, समोसा यायचा होता म्हणून बसलो.

कुंदाकिंग | १२ जुलै, सकाळी ८:१५

@रात्रपाळी ह्या धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी प्रतिसाद. वायटीटीला उद्यमबागेत आठ दिवस हेल्पर म्हणून लावा.

मलप्रभा | १२ जुलै, सकाळी ९:०५

मांडेवालेंनी जाता जाता कन्नडचा उल्लेख केला, त्यावर बोलते. मी बैलहोंगलची, घरी मराठी, शाळा कन्नड. मीही कन्नडमध्येच बघितला, पण मुद्दाम. गॉरचा आवाज कन्नडमध्ये चांगला दिलाय. जडशीळ, घशातून येणारा. 'देवरु' (देव) हा शब्द तो असा म्हणतो की तोंडातून थुंकी पडल्यागत वाटतं. थॉरचे जोक मात्र कन्नडमध्ये आणखीच पडतात. इंग्रजीतली शब्दांची कोटी कन्नडमध्ये आणली की उरतं नुसतं मोठ्यानं बोलणं.

आणि कन्नडमध्ये डब होऊन हे सिनेमे येतात हीच मोठी गोष्ट आहे. आमच्या लहानपणी हे शक्यच नव्हतं. साठच्या दशकापासून कन्नड सिनेमावाल्यांचा डबिंगला विरोध, कन्नडचे मोठे नट राजकुमार स्वतः त्या चळवळीत. कायद्यानं बंदी नव्हती, पण डब सिनेमा लावायची कुणाची छाती होत नव्हती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं कन्नड सिनेमावाल्यांच्या फिल्म चेंबरला आणि आणखी काही संघटनांना ह्यावरून दंड केला, त्यानंतर दोनेक वर्षांनी डब सिनेमे थिएटरात दिसायला लागले. भावाला इंग्रजी येत नाही. तो पहिले थॉर नुसता मारामारीवर बघायचा. आता त्याला कळतंय कोण कुणाचा कोण.

सीमावासी_५६ | १२ जुलै, सकाळी ९:४०

म्हणजे कन्नड, तेलुगू, तमीळ, मल्याळम, हिंदी सगळ्यांत थॉर. आणि मराठीत? मराठी माणसानं काय घोडं मारलंय? बेळगावात राहून कन्नडमध्ये थॉर बघायचा, आणि हे सगळं १ नोव्हेंबर १९५६ ला...

खानापूरकर | १२ जुलै, सकाळी ९:४३

दादा, हा धागा थॉरचा आहे. सीमाप्रश्नाचा, महाजन अहवालाचा पुढच्या गल्लीत.

कुंदाकिंग | १२ जुलै, सकाळी ९:४४

थॉरलाही सुप्रीम कोर्टात पाठवा. २००४ पासून तारखाच पडायल्यात, तोवर पुढचा भाग येईल.

निपाणीची_पोर | १२ जुलै, सकाळी १०:१०

@सीमावासी_५६ तुमचा मुद्दा चेष्टेवारी नेऊ नये. पण ह्यात दोष बेळगावचा नाही. पुण्या-मुंबईतही मराठीत लागलेला नाही. मराठी माणसाला हिंदी येतंच, असं धरून चालतात सगळे, आणि आपणही धरून चालतो. टीव्हीवर आता दाक्षिणात्य सिनेमे मराठीत डब होऊन लागतात. आमची आजी बघते. आधी म्हणाली हे काय, ओठ हलतायत एक आणि ऐकू येतंय दुसरं. आता तिला नायकांची नावं पाठ आहेत. थॉर मराठीत आला तर ती पहिल्या रांगेत.

सीमावासी_५६ | १२ जुलै, सकाळी १०:२५

हां, हे पटलं. आजीला नमस्कार सांगा.

अनगोळकर_माळकरी | १२ जुलै, दुपारी १:३०

सिनेमा मुलाबरोबर बघितला. मी गळ्यात माळ असलेला माणूस, मला तो गॉरच आवडला. देवावर रागावणं आपल्याला नवीन नाही. जनाबाईनं विठोबाला काय काय सुनावलंय! नामदेव त्याच्याशी भांडतो. पण आपला विठोबा ऐकून घेतो. उभा राहतो, तोंड फिरवत नाही. गॉरचा देव हसतो, तिथं भांडण संपतं आणि तलवार सुरू होते. हा विचार केवढा मोठा आहे!

पुढं काय केलं त्याचं? सगळ्या देवांच्या नगरीत नेऊन झ्यूसला घागऱ्यात उभं केलं आणि थॉरचे कपडे... असो. रसेल क्रोसारखा नट, त्याला त्या एका सीनमध्ये नुसता मिरवायला लावलाय. खरं तर तो सीन गॉरची बाजू सिद्ध करतो. देव खरंच ऐदी आहेत, खाली कोण मरतंय ह्याची त्यांना फिकीर नाही. म्हणजे गॉर बरोबर आहे! हे थॉरला कळलं पाहिजे होतं, त्यानं त्याची झोप उडायला हवी होती. सिनेमा तिथून टुणकन उडी मारून पुढं जातो.

आणि देवांचा खाटीक म्हणतात त्याला, तर पडद्यावर किती देव मारताना दिसला? मोजून बघा, एका हाताची बोटं उरतील.

खानापूरकर | १२ जुलै, दुपारी २:१०

@अनगोळकर_माळकरी ह्याचं कारण कात्रीत असावं. बेलनं स्वतः सांगितलंय की त्यानं जेफ गोल्डब्लम आणि पीटर डिंकलेजबरोबर सीन केले होते, ते सिनेमात आलेच नाहीत. सिनेमा दोन तासांच्या आतबाहेर, मार्व्हलच्या मानानं आखूडच. म्हणजे बेलचं काम कापलं आणि बकऱ्या ठेवल्या. काळ्या-पांढऱ्या ग्रहावरचा तो एक भाग बघा, तिथं रंग गेले की सिनेमाला अचानक शिस्त येते. सावल्या, बेलचं हसणं, गप्प बसलेले तिघं. असला दीड तास असता तर मी वर्गणी काढून परत बघितला असता.

अवांतर : थॉरच्या माणसांनी वसवलेल्या त्या नव्या गावातलं नाटक मला आवडलं. गाव आता पर्यटनस्थळ झालंय, देवांच्या मरणावर नाटक लागतंय, पर्यटक टाळ्या वाजवतायत. मॅट डेमन खोट्या लोकीच्या, म्हणजे थॉरच्या भावाच्या, वेषात लोळतोय. आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकाची आठवण झाली. एका वर्षी महाराजांची तलवार म्यानातून निघेचना. महाराज संवाद म्हणत ओढतायत, मावळा म्यान धरून उलटा ओढतोय, शेवटी मूठ हातात आली आणि पातं म्यानातच. महाराज क्षणभर मुठीकडं बघत राहिले, मग तीच उगारून म्हणाले, गनिमाला एवढी पुरे. प्रेक्षकांनी वन्स मोअर घेतला. असला विनोद लिहून होत नाही, आणि वायटीटीला तो लिहूनच करायचाय.

शांता_आत्या | १२ जुलै, रात्री ९:१५

मी फार लिहीत नाही इथं. भाचीनं नेलं म्हणून गेले होते, मला थॉर कोण हेही नीट माहीत नव्हतं.

तुम्ही सगळे गॉरवर आणि बकऱ्यांवर बोलताय. थॉरची जुनी प्रेयसी, त्या जेनबद्दल कुणीच बोलेना. तिला चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे. खुर्चीत बसून सलाईनमधून केमो घेतेय आणि शेजारच्या मुलाला विज्ञान समजावतेय. मग तो हातोडा तिला हाक मारतो. हातात धरला की ती देव होते, दंड बिंड सगळं. खाली ठेवला की पहिल्यापेक्षा जास्त खंगलेली. हातोडा तिची शक्ती खातोय, त्यामुळं औषध लागू पडत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं असंच होतं. केमोच्या दिवशी स्टिरॉइड द्यायचे, उलटी होऊ नये म्हणून. पहिले दोन दिवस ताई वाघीण. पहाटे चारला उठून फळीवरचे डबे उतरवायची, घासायची, उन्हात पालथे घालायची. आम्ही म्हणायचो, अगं झोप. म्हणायची, आज हात चालतायत तर चालू दे की. आणि तिसऱ्या दिवशी उशीवरून मान उचलवत नसे. डबे तसेच अंगणात. मी भरून ठेवायची.

तो हातोडा म्हणजे ते दोन दिवस, दुसरं काही नाही. ज्यानं कुणी ही गोष्ट मुळात सुचवली त्याला हे माहीत असणार. सिनेमात ते आहे, पण कोपऱ्यात आहे. ती बेसिनपाशी कोसळते, मला वाटलं आता थांबतील. थांबले नाहीत.

बकऱ्यांना मी हसले. खोटं कशाला बोलू.

मांडेवाला | १२ जुलै, रात्री ९:४०

आत्या, धागा काढल्याचं सार्थक झालं. मी जेनकडं नुसती नवीन थॉर म्हणूनच बघितलं होतं.

रात्रपाळी | १२ जुलै, रात्री ९:५२

शिफ्टला निघालोय. वरचं वाचून गेटवरच थांबलो जरा. त्या डब्यांचं डोक्यातून जाईना.

खानापूरकर | १३ जुलै, सकाळी ७:३०

@शांता_आत्या मूळ कॉमिकमध्ये जेनची ही गोष्ट २०१४ पासून जेसन आरन नावाच्या लेखकानं कितीतरी अंकांत सावकाश सांगितलीय. गॉरही त्याचाच, त्याच्या आधीचा. म्हणजे दोन वेगळ्या मोठ्या गोष्टी, प्रत्येकीला अख्खा सिनेमा लागला असता. ह्यांनी दोन्ही एकाच डब्यात कोंबल्या आणि झाकण लागेना म्हणून वर बसले. मांडेवाल्यांनी विचारलं ना काय नासलं, माझं उत्तर हे.

निपाणीची_पोर | १३ जुलै, सकाळी ८:००

आत्या, मी काल पोरांसाठी आहे म्हणाले. ते मागं घेत नाही, पण अर्धं घेते.

कुंदाकिंग | १३ जुलै, सकाळी ८:०४

मी आज एकही जोक टाकत नाही. (मांडे आणि कुंदा एकाच ताटात घेतल्यासारखं झालंय सिनेमाचं. हा जोक नाही, निरीक्षण आहे.)

मांडेवाला | २० जून २०२३, रात्री ११:०५

वर्षाचा धागा वर काढतोय, शिव्या घाला.

दोन कारणं. एक म्हणजे ह्या महिन्याच्या सुरुवातीला स्पायडरमॅनचा नवा ॲनिमेशनपट भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत आला, त्यात मराठी आहे! @सीमावासी_५६ तुमची आठवण झाली. आमच्याकडं मराठी शो कुठं सापडला नाही, लेकीनं मराठी ट्रेलर मात्र पंधरा वेळा लावला.

दुसरं म्हणजे थॉर झालेल्या ख्रिस हेम्सवर्थनं एका मुलाखतीत कबूल केलंय की सिनेमा फारच पोरकट झाला, आम्हीच जास्त मजा करत बसलो. आणि त्याला हे कुणी ऐकवलं? त्याच्या मुलांच्या मित्रांनी. आठ-आठ वर्षांची पोरं त्याला सांगतायत, विनोद जास्त झाला, इफेक्टही तितके बरे नव्हते. म्हणजे @निपाणीची_पोर, ज्यांच्यासाठी केला त्यांनीच नापास केला.

निपाणीची_पोर | २० जून २०२३, रात्री ११:२०

माझे भाचे अजून वायपर घेऊन फिरतायत, त्यांचं मत कुणी घेतलं नाही. आणि नापास कसला ओ, जगभरात ७५ कोटी डॉलरच्या वर धंदा झालाय. असं नापास व्हायला मी रोज तयार आहे.

सीमावासी_५६ | २१ जून २०२३, सकाळी ७:१०

मराठी स्पायडरमॅन! शिनोळीच्या पलीकडं कुठं लागला तर कळवा, गाडी काढतो.

शांता_आत्या | २१ जून २०२३, सकाळी १०:३०

मांडेवाले, मुलगी आता दहाची झाली असेल. तिला काय आठवतंय त्यातलं?

मांडेवाला | २१ जून २०२३, रात्री ९:००

आत्या, मुद्दाम विचारलं तिला. ती अधूनमधून मोबाईलवर लावते तो सिनेमा, पण पूर्ण नाही. पहिला वाळवंटाचा भाग लावते, मग बोटानं सरकवत एकदम शेवटाला जाते. तिथं गॉर मरता मरता सूड सोडून आपल्या मुलीला परत मागतो आणि ती जिवंत होते. मधलं सगळं गाळते. म्हटलं अगं मधे बकऱ्या आहेत की, तुला आवडायच्या. म्हणाली, हो, पण तोवर ती तिथंच पडलेली असते ना.

खानापूरकर | २१ जून २०२३, रात्री ९:१२

ह्या पोरीला एडिटिंगला पाठवा.

कुंदाकिंग | २१ जून २०२३, रात्री ९:१४

आणि पुढचा थॉर मराठीत आला तर बकऱ्यांच्या आवाजासाठी माझा अर्ज आत्ताच धरा. घरचे म्हणतात जन्मजात तयारी आहे.